भूलतज्ज्ञाने थांबवलेलं ऑपरेशन: ॲड्रिनलच्या गाठी, रेट जनुक आणि सोलापुरातलं एक कुटुंब

हे प्रकरण सोलापुरातलं आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून वयं, नाती आणि व्यवसायाचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र तसाच ठेवला आहे. रुग्णाला इथे अक्का म्हटलं आहे. मी फिजिशियन म्हणून या प्रकरणात मधल्या टप्प्यावर आलो आणि अजून आहे.

पार्श्वभूमी

अक्काचं वय तेव्हा ३८. शहराच्या पूर्व भागात राहणारी, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणारी. नवरा यंत्रमागावर. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा.

जवळजवळ आठ वर्षं तिला एक त्रास होता. अचानक डोकं ठणकायचं, छातीत धडधडायचं, दरदरून घाम फुटायचा आणि चेहरा पांढराफटक पडायचा. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरायचं आणि मग अंगात त्राण उरायचं नाही. टॉवेलचे गठ्ठे उचलायला वाकलं की हे हटकून व्हायचं. घामाचं कुणालाच नवल वाटलं नाही, कारण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाला घाम येतोच. चेहरा पांढरा पडतो, ही गोष्ट मात्र वेगळी होती. ती शेजारच्या मशीनवरच्या बाईने पाहिली होती, डॉक्टरांनी कधीच नाही, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत अक्का ठीक झालेली असायची आणि बीपी १३०/८०.

त्यामुळे निदानं होत गेली ती अशी: ॲसिडिटी, टेन्शन, अर्धशिशी, पाळी जायची वेळ. एकदा सासूबाईंनी दृष्टही काढली. गोळ्यांत दोन नावं कायम राहिली. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल आणि डोकेदुखीसाठी ॲमिट्रिप्टिलिन. या दोन्ही गोळ्या पुढे महत्त्वाच्या ठरल्या.

आणखी एक तक्रार होती, जी ती कुणाला तक्रार म्हणून सांगतही नव्हती. पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये, तळहाताएवढी जागा वर्षानुवर्षं खाजायची. कातडी तिथे काळवंडून खरखरीत झाली होती. कारखान्यातल्या सुताच्या कणांमुळे होतं असं सगळ्यांचंच म्हणणं, मलमं लावून झालेली.

मग मानेत गाठ दिसली. सुईने नमुना घेऊन तपासणी झाली आणि अहवालात थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाची शंका नोंदवली गेली. ऑपरेशनची तारीख ठरली.

अडचण

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला स्ट्रेचरवर घेताना झटका आला. भूलतज्ज्ञ तिथेच उभे होते. बीपी २१८/१२४, नाडी १३०, चेहरा पांढरा. वीस मिनिटांनी तेच बीपी १२६/८०.

इथे पहिला निर्णय झाला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत मोठा. समोर दोन रस्ते होते. रुग्ण घाबरली आहे असं धरून, शामक देऊन, बीपी उतरलेलं आहे तोवर भूल द्यायची. किंवा थांबायचं. नातेवाईक बाहेर बसलेले, रजा टाकलेली, पैसे भरलेले. आता बीपी नॉर्मल आहे तर अडतंय कुठे, हा नवऱ्याचा प्रश्न रास्तच होता.

भूलतज्ज्ञांनी एकच चौकशी केली: घरात कुणाला भूल दिल्यावर कधी काही झालं होतं का? नवरा म्हणाला, हिचा भाऊ हर्नियाच्या ऑपरेशनला टेबलावरच गेला. वय २९. ऑपरेशन रद्द झालं. फाइलवर त्यांनी फिओक्रोमोसायटोमा असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि ती फाइल माझ्याकडे आली.

फिओक्रोमोसायटोमा, थोडक्यात फिओ, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यातली गाठ. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या दोन ग्रंथी संकटाच्या वेळी ॲड्रिनालिन आणि नॉरॲड्रिनालिन रक्तात सोडतात. गाठ झाली की संकट नसतानाही ती सोडली जातात, आणि गाठीला धक्का लागला, पोट दाबलं गेलं, भूल दिली, काही विशिष्ट औषधं दिली, तर एकदम पूर आल्यासारखी. ऑपरेशनच्या टेबलावर अशी न ओळखलेली गाठ जीव घेऊ शकते. भावाचं काय झालं असावं, हे आता नक्की सांगता येणार नाही, कारण त्याचे कागदपत्र कुणाकडे उरलेले नाहीत. पण अंदाज बांधायला जागा होती.

मानेत मेड्युलरी कर्करोगाची शंका आणि पोटात फिओची शंका, या दोन गोष्टी एकाच माणसात सापडल्या की तिसरा विचार डोक्यात यायलाच हवा. जॉन सिपल यांनी १९६१ मध्ये या जोडीकडे लक्ष वेधलं होतं. आज त्या आनुवंशिक आजाराला मेन टू ए (MEN 2A) म्हणतात: थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग जवळजवळ सगळ्यांना, फिओ साधारण निम्म्यांना, आणि काहींना थायरॉइडला लागून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी वाढून रक्तातलं कॅल्शियम चढतं. सुईच्या तपासणीत मेड्युलरी शब्द आल्यावर चाकू लावण्याआधी फिओ नाही ना हे पाहणं, हा नियम पुस्तकात आहे. प्रत्यक्षात गाठ दिसली की तारीख आधी ठरते.

वंशवृक्ष

तपासण्यांच्या आधी मी कागद घेऊन बसलो. अक्का, तिचा नवरा आणि भावाची विधवा बायको. तीन पिढ्यांची माणसं, प्रत्येकाचं वय, कशाने गेलं, कुठलं ऑपरेशन झालं.

वडील ४१व्या वर्षी कारखान्यात कोसळून गेले, तेव्हा हार्ट ॲटॅक म्हटलं गेलं. वडिलांच्या आईच्या गळ्याला मोठी गाठ होती, तिला गलगंड म्हणायचे. शेवटी तिला अन्न गिळता येत नव्हतं. भाऊ टेबलावर गेला, मागे एक मुलगी, वय २१. धाकटी बहीण लग्न होऊन भिवंडीला, तिला दोन मुलं.

बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्याकडं आत्याच्या घरी मुलगी द्यायची पद्धत, सगळं रक्तातलंच, म्हणून असं झालं असेल." सोलापुरात आत्ते-मामे भावंडांची लग्नं सर्रास होतात आणि घरात कुठलाही आनुवंशिक आजार निघाला की बोट तिथेच जातं. इथे ते बोट चुकीच्या जागी होतं. मेन टू ए व्हायला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेलं पुरतं. नात्यातलं लग्न असो वा नसो, प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. हे मी तेव्हाच स्पष्ट केलं, कारण दोष नात्याच्या माथी मारला की पुढची पिढी परक्या घरात लग्न करून स्वतःला सुरक्षित समजते.

तपासणी: गोळ्या थांबवाव्यात का?

फिओचं निदान रक्तातल्या किंवा २४ तासांच्या लघवीतल्या मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिनवरून होतं. ही ॲड्रिनालिन आणि नॉरॲड्रिनालिनची उरलेली रूपं. रक्ताची तपासणी नेमकी, पण तिला रुग्ण अर्धा तास शांत पडून हवा, नमुना लगेच थंड करून पाठवायला हवा. उन्हाळ्यात इथून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत तो थंड पोचेल याची खात्री मला वाटेना. म्हणून ॲसिड घातलेल्या कॅनमध्ये लघवी गोळा करायचं ठरवलं. दोन खोल्यांच्या घरात, वाड्यातल्या सामायिक संडासाशी हे जमवणं किती अवघड असतं, ते सांगणाऱ्यांना सोपं वाटतं. अक्काने रविवार धरला आणि व्यवस्थित केलं.

अडलं ते ॲमिट्रिप्टिलिनपाशी. ही गोळी नॉरमेटानेफ्रिन खोटं वाढवते. शुद्ध तपासणी हवी तर ती दोन आठवडे बंद ठेवून मग नमुना घ्यायचा. पण दोन आठवडे म्हणजे आणखी झटके, आणि तोवर उपचार नाही. आम्ही ती गोळी बंद केली आणि तिचा अंमल पूर्ण उतरायची वाट न पाहता नमुना पाठवला. कारण सोपं होतं: ही गोळी नॉरमेटानेफ्रिन थोडंफार फुगवू शकते, मेटानेफ्रिन कित्येक पटींनी नाही. अहवालात मेटानेफ्रिन कमाल मर्यादेच्या नऊ पट आलं. शंकेला जागा उरली नाही.

याच आकड्यात जनुकाचाही सुगावा होता. मेन टू ए ज्याच्या बिघाडाने होतो त्या रेट जनुकाशी संबंधित गाठी ॲड्रिनालिन बनवतात, म्हणून मेटानेफ्रिन चढतं. व्हीएचएल जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या गाठी प्रामुख्याने नॉरॲड्रिनालिन बनवतात. साधी लघवीची तपासणीसुद्धा कुठल्या जनुकाकडे बघायचं ते सुचवते, पण अहवाल वाचताना बहुतेक वेळा फक्त "वाढलेलं आहे" एवढंच पाहिलं जातं.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या ॲड्रिनलमध्ये ५.२ सेंटिमीटरची आणि डाव्या बाजूला १.६ सेंटिमीटरची गाठ दिसली. रक्तातलं कॅल्शियम ठीक होतं. मेड्युलरी कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडतात ते कॅल्सिटोनिन बरंच चढलेलं.

प्रोप्रॅनोलॉल त्याच दिवशी बंद केलं. फिओमध्ये आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) न देता प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा ब्लॉकर दिलं, तर रक्तवाहिन्या सैल ठेवणारा एक मार्ग बंद होतो आणि आकसणारा मोकळाच राहतो, त्यामुळे बीपी उलट चढतं. धडधड म्हटली की प्रोप्रॅनोलॉल, ही सवय किती जुनी आहे हे प्रत्येक गल्लीतलं औषध दुकान सांगेल.

जनुकाची चाचणी: कोणती आणि कधी

मी शिकलो तेव्हा फिओसाठी दहाचा नियम पाठ करून घेत: दहा टक्के दोन्ही बाजूंना, दहा टक्के ॲड्रिनलच्या बाहेर, दहा टक्के पसरणाऱ्या, दहा टक्के आनुवंशिक. शेवटचा आकडा आता निकालात निघाला आहे. फिओ आणि त्याचीच ॲड्रिनलबाहेरची भावंडं असलेल्या पॅरागँग्लिओमांमध्ये ३० ते ४० टक्के रुग्णांत जन्मजात जनुकीय बदल सापडतो. माणसाच्या गाठींमध्ये इतकं आनुवंशिक प्रमाण दुसऱ्या कुठल्या गाठीत क्वचितच असेल. जबाबदार ठरलेली जनुकं वीसच्या वर आहेत: रेट, व्हीएचएल, एनएफ १, एसडीएच गटातली ए, बी, सी, डी, शिवाय मॅक्स, टीएमईएम १२७ आणि इतर. म्हणून २०१४ पासूनची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की घरात कुणाला नसलं तरी प्रत्येक फिओ रुग्णाशी जनुकीय चाचणीबद्दल बोललंच पाहिजे.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. सगळ्या जनुकांची एकत्र पॅनेल चाचणी: व्यापक, पण महाग. किंवा ऑपरेशन आधी, गाठीचा अहवाल बघून चाचणी नंतर. बहुतेक ठिकाणी हेच होतं, कारण चाचणीकडे फाइल पूर्ण करायची शेवटची पायरी म्हणून पाहिलं जातं. तिसरा पर्याय म्हणजे थेट रेट जनुकाचे ठरावीक भाग आत्ताच तपासायचे. मेड्युलरी कर्करोग, दोन्ही बाजूंना गाठी, ॲड्रिनालिनचा नमुना आणि पाठीवरचा तो खाजरा डाग एकाच नावाकडे बोट दाखवत होते. पाठीच्या वरच्या भागातला असा डाग, ज्याला त्वचारोगतज्ज्ञ लायकेन अमायलॉइडोसिस म्हणतात, रेटच्या ६३४व्या जागेतल्या बिघाडाशी जोडलेला आहे. आम्ही तिसरा पर्याय घेतला, आणि तिथे काही न सापडल्यास पॅनेल असं ठरवलं.

वेळेचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फिओचं ऑपरेशन करण्याआधी किमान एक ते दोन आठवडे अल्फा ब्लॉकर देऊन शरीर तयार करावंच लागतं. नमुना त्याच दिवशी पाठवला तर अहवाल येईपर्यंतचा काळ वाया जात नाही. आमचा अहवाल सतराव्या दिवशी आला: रेट जनुक, अकरावा एक्सॉन (जनुकाचा एक तुकडा), त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ६३४व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन.

रेट हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही. बाहेरून इशारा आला की दोन ग्राही जोडी करतात आणि पेशीला वाढीचा निरोप जातो. ६३४व्या जागेवरचं सिस्टीन त्याच रेणूतल्या दुसऱ्या सिस्टीनशी बांधलेलं असतं. ते बदललं की जोडीदार मोकळा राहतो आणि शेजारच्या ग्राहीच्या तशाच मोकळ्या सिस्टीनला जाऊन चिकटतो. इशारा न येताच कायमची जोडी. अक्काच्या नवऱ्याला मी म्हटलं, मागाचं बटण दाबलेलंच अडकून बसलंय. त्याला ते एका वाक्यात समजलं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजार होतो, तो म्हणूनच. व्हीएचएल किंवा एसडीएचमध्ये तसं नसतं. तिथे दुसरी, चांगली प्रतही त्या पेशीत निकामी व्हावी लागते.

फिओचं पहिलं सविस्तर वर्णन मानलं जातं ते जर्मनीतल्या फ्रायबुर्गचं, १८८६ चं. फेलिक्स फ्रँकेल यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या दोन्ही ॲड्रिनलमधल्या गाठी नोंदवल्या. तिच्या नातलगांच्या वंशजांचा माग काढून २००७ मध्ये दाखवलं गेलं की त्या घराण्यात रेटच्या ६३४व्या जागेचाच बिघाड होता. उत्तर घराण्यात होतं, पण ते मिळायला १२१ वर्षं लागली.

शस्त्रक्रियेआधीची तयारी

प्राझोसिन हे अल्फा ब्लॉकर सुरू केलं, रात्री झोपताना एक मिलिग्रॅमपासून, कारण पहिल्या डोसला उभं राहताना चक्कर येऊन माणूस पडू शकतो. डोस हळूहळू वाढवला. त्यासोबत भरपूर पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं, आणि घरात वादाला तोंड फुटलं. सततच्या आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे फिओच्या रुग्णाच्या शरीरात पाणी कमी असतं, रक्तवाहिन्या सैल केल्या की ते भरून काढावं लागतं. पण बीपी म्हणजे मीठ बंद, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. नणंदेला त्या फोनवर म्हणाल्या, "डॉक्टरच मीठ खा म्हणलालेत, बघा की. कसले डॉक्टर!" शेवटी मी त्यांनाच बोलावून घेतलं आणि अक्काच्या ताटातल्या शेंगाचटणीची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. त्यानंतर तक्रार आली नाही. तिसऱ्या आठवड्यात बसून बीपी १२४/७६ आणि झटके बंद.

क्रमाबद्दल मतभेद नव्हता: फिओ आधी, थायरॉइड नंतर. कर्करोग मानेत असताना पोट का आधी, हा नवऱ्याचा प्रश्न होता. भावाचं उदाहरण त्यालाच आठवलं.

किती कापायचं

शस्त्रक्रिया पुण्याला झाली, जिथे ग्रंथींच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारे सर्जन होते. इथेच जनुकाच्या अहवालाने प्रत्यक्ष निर्णय बदलला.

दोन्ही ॲड्रिनल पूर्ण काढल्या तर गाठ परत येण्याची भीती जवळजवळ संपते. पण ग्रंथीची बाहेरची साल कॉर्टिसोल बनवते; ती गेली की आयुष्यभर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन. ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या आणि डोस वाढवला नाही तर जीवाशी खेळ. रोजंदारीवरच्या बाईच्या औषधाचा एखादा आठवडा चुकला तर काय होईल, हा विचार पुस्तकातला नाही, पण निर्णयात तो होता. दुसरा पर्याय म्हणजे उजवी पूर्ण काढायची, डावीतून फक्त गाठ काढून साल राखायची. त्यात वर्षांनंतर उरलेल्या भागात गाठ पुन्हा येऊ शकते.

रेटमधल्या फिओ गाठी शरीरात पसरण्याचं प्रमाण अगदी कमी असतं. एसडीएचबी असतं तर पसरण्याची भीती मोठी, आणि मग ग्रंथीचा भाग मागे ठेवायला सर्जन धजले नसते. अहवाल हातात होता म्हणून साल राखली. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत उजवी गाठ हाताळताना बीपी चढलं, औषधाने आणलं. गाठीची शीर बांधल्यावर पडलं, तेही सावरलं. दोन महिन्यांनी थायरॉइड पूर्ण काढली, मानेच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथींसह. त्यांतल्या तीन ग्रंथींत कर्करोग पोचला होता.

मुलं

आता प्रश्न अक्काचा राहिला नव्हता. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, प्रत्येकाला निम्मी शक्यता.

मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी लहान मुलांची जनुकीय चाचणी करू नये, मूल मोठं होऊन स्वतः ठरवेल, असा सर्वसाधारण संकेत आहे. इथे तो लागू होत नाही, कारण कृती लहानपणीच करायची असते. ६३४व्या जागेचा बिघाड असलेल्या मुलाची थायरॉइड पाचव्या वर्षी किंवा त्याआधीच काढावी, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची २०१५ ची तत्त्वं सांगतात. मुलगा सहा वर्षांचा झालाच होता.

मुलगी निर्दोष निघाली. मुलात बिघाड होता.

खेळत्या-बागडत्या मुलाच्या गळ्याला चिरा द्यायला आई-बापाची तयारी नव्हती. सोनोग्राफीत गाठ नव्हती, कॅल्सिटोनिन किंचित जास्त. सहा-सहा महिन्यांनी कॅल्सिटोनिन मोजत थांबायचं, हा पर्याय काही केंद्रं काही रुग्णांना देतातही. पण त्यासाठी तपासणी न चुकता व्हायला हवी, आणि अक्काची स्वतःची प्रकृती तेव्हा कशीबशी सावरत होती. उलट बाजूला, लहान मुलाच्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइडला इजा होऊन आयुष्यभर कॅल्शियम घ्यावं लागण्याचा धोका. हा धोका सर्जनच्या अनुभवावर फार अवलंबून असतो, म्हणून हे काम पुन्हा पुण्यालाच, असं मी आग्रहाने सांगितलं. त्यांनी जानेवारीतली गड्ड्याची जत्रा होऊ द्या म्हटलं. मी होकार दिला, मात्र शस्त्रक्रियेची तारीख आधी लिहून घेतली. फेब्रुवारीत थायरॉइड काढली. पेशींच्या तपासणीत दोन मिलिमीटरचा कर्करोग सापडला, लसिकाग्रंथी स्वच्छ. सोनोग्राफीला जे दिसलं नव्हतं ते तिथे होतं.

पुतणी

सगळ्यांत अवघड भाग हा.

भावाची मुलगी, २१ वर्षांची, लग्न ठरलेलं, पत्रिका छापायला टाकलेल्या. अक्काची इच्छा होती की तिला कळावं. वहिनींनी हात जोडले: "डॉक्टरसाहेब, लग्न होऊ द्या. हे बाहेर गेलं तर पोरगी घरात बसंल."

पुतणी माझी रुग्ण नव्हती. अक्काने परवानगी दिली तरी परस्पर तिला गाठून सांगणं मला योग्य वाटत नव्हतं. पण ती सज्ञान होती, आणि स्वतःच्या शरीराबद्दलची माहिती आईने अडवून ठेवावी हेही पटत नव्हतं. शिवाय मधल्या काळात अपेंडिक्सचं तातडीचं ऑपरेशन लागलं तर? न ओळखलेली फिओ गरोदरपणात आई आणि बाळ दोघांनाही धोक्याची. तोडगा असा निघाला की लग्न होईल, पण मूल होण्याचा विचार करण्याआधी अक्का स्वतः तिला सांगेल, आणि मी मराठीत लिहिलेलं पत्र देईल. हा तोडगा मला आजही अर्धवट वाटतो.

लग्नानंतर चार-पाच महिन्यांनी ती आली, नवऱ्याला घेऊन. पत्र त्यानेच आधी वाचलं होतं. चाचणीत बिघाड निघाला. मेटानेफ्रिन नॉर्मल होतं, म्हणजे ॲड्रिनल तूर्त शांत, कॅल्सिटोनिन चढलेलं. थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. वहिनींना ज्याची भीती होती ते घडलं नाही. नवऱ्याने विचारलं ते दोनच प्रश्न: मूल कधी होऊ देता येईल, आणि विमा मिळेल का. मुलाबद्दल बोललो, जन्माआधी किंवा गर्भ रुजवण्याआधी तपासणी करता येते हेही सांगितलं. विम्याबाबत, २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं, आणि त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना तशा सूचना दिल्या, हे त्याला कागदावर लिहून दिलं.

निष्पत्ती

दोन वर्षं झाली. अक्काला झटका आलेला नाही. राखलेली साल काम करते. सुरुवातीला दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन चार महिन्यांत बंद करता आलं. थायरॉक्सिन कायम. कॅल्सिटोनिन उतरलं, पण शून्याजवळ नाही, म्हणजे कुठेतरी काही पेशी उरल्या आहेत. आकडा स्थिर असल्याने फक्त नजर ठेवून आहोत. पाठीची खाज तशीच आहे. ती शिलाईला पुन्हा जाते, गठ्ठे उचलत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मेड्युलरी शब्द आला त्या दिवशीच मेटानेफ्रिन, कॅल्सिटोनिन आणि कॅल्शियम या तीन तपासण्या झाल्या असत्या तर स्ट्रेचरपर्यंत गोष्ट गेली नसती. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

झटका चालू असताना बीपी मोजायची सोय घरी करता येते. एक डिजिटल यंत्र आणि "चेहरा पांढरा पडला की मोजा आणि लिहा" एवढी सूचना पुरली असती. दवाखान्यातल्या नॉर्मल आकड्याने इथे आठ वर्षं फसवलं.

भावाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं असतं, तर हे सगळं तेव्हाच सुरू झालं असतं आणि मुलाची थायरॉइड वेळेत निघाली असती. शोकात असलेल्या घराला ते सुचवायचं कुणी, हा प्रश्न मी सहज सोडवू शकत नाही.

पुतणीबाबत मी पुन्हा अशी वेळ आली तर लग्नाची वाट बघायला मान्यता देण्याआधी निदान मेटानेफ्रिनची तपासणी मागेन. तिला जनुकाचं नाव न सांगता, बाबा ऑपरेशनमध्ये गेले म्हणून ही तपासणी, एवढं सांगून ती करता येते का, यावर सहकाऱ्यांशी माझा वाद आहे. अर्धी माहिती देऊन घेतलेली संमती खरी नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते नाकारणं मला जड जातं.

भिवंडीच्या बहिणीने अजून चाचणी केलेली नाही. तिला मराठीबरोबर तेलुगूतही पत्र पाठवलं आहे, आणि ती कुठल्याही ऑपरेशनला गेली तर भूलतज्ज्ञाला दाखवायचं एक कार्ड. त्यावर लिहिलं आहे: मेन टू ए कुटुंब, चाचणी झालेली नाही, भूल देण्याआधी मेटानेफ्रिन बघा, मेटोक्लोप्रामाइड टाळा, बीटा ब्लॉकर आधी देऊ नका. कार्ड तिने पर्समध्ये ठेवल्याचं अक्का सांगते. अक्काच्या मुलाची ॲड्रिनलसाठीची वार्षिक तपासणी त्याला ११वं वर्ष लागलं की सुरू होईल.